फळ्यावरचा रोजचा एक

तळ्याभोवतीच्या पायवाटेला फाटक एकच. बावीस वर्षं तिथला फाटकवाला दिवस मावळता मावळता सगळी वाट चालून यायचा, "कोण राहिलंय का?" म्हणून बोंब ठोकायचा आणि मग कुलूप घालायचा. कुलूप पडलं की वरच्या बंधाऱ्यातून तळ्यात पाणी सोडायचे. काठाखालचा उतार बघता बघता बुडायचा. काम साधं होतं. साध्या कामात शहाण्यांना हात घातल्याशिवाय राहवत नाही.

इंजिनिअरबाईंनी फाटकाशी दोन खांब रोवले. खांबांतून न दिसणारे दोन किरण वाटेवर आडवे जात. माणूस आधी कुठला किरण तोडतो, त्यावरून तो आत गेला की बाहेर आला हे यंत्राला कळे. शिवाय दर शंभर पावलांवर फरशीखाली एक पट्टी. तिच्यावर पाय पडला की चौकीतल्या फळ्यावर तिचा दिवा लागे. वर मोठा आकडा, आत किती माणसं आहेत त्याचा. शून्य झालं की कुलूप. म्हाताऱ्यानं पाय झिजवायचं कारण नाही.

फक्त शून्य काही व्हायचं नाही. रोज संध्याकाळी सगळे गेले तरी एक उरायचाच.

"धूळ असते काका. नाहीतर कुत्रं," म्हणत बाई बटण दाबून त्याचं शून्य करायच्या.

"कुत्रं आत जातं, मग बाहेर का येत नाही? संसार थाटलाय का तिथं?"

बाई हसायच्या. फाटकवाल्याला हसू येत नसे.

त्या संध्याकाळी धुकं असं उतरलं, की चौकीतून फाटक दिसेना. सगळं सामसूम झालं. फळ्यावर आकडा होता दोन.

"धुक्यानं चूक वाढली," बाई म्हणाल्या. बंधाऱ्यावरून फोन आला, पाणी सोडू का? बाईंचा हात बटणाकडे गेला.

"थांबा! एक रोजचा. तो कोण ते मला ठाऊक नाही, पण रोजचा आहे. दुसरा कोण?"

आणि बोलता बोलताच त्याला आठवलं. ताई! त्याची थोरली बहीण रोज काठी टेकत तळ्याला फेरी मारायची. दोन महिने दोघांत अबोला होता. ती म्हणाली होती, "तुझ्यापेक्षा तो खांब बरा, येणाऱ्याकडे बघतो तरी." तेव्हापासून तिची काठी वाजली की हा भिंतीकडे तोंड करायचा. आजही केलं होतं. काठी आत गेलेली ऐकली होती. परत आलेली...?

"बटणाला हात लावलात तर याद राखा!"

बॅटरी घेऊन तो धुक्यात शिरला. ओल्या शेवाळाचा वास नाकात बसला. स्वतःची पावलं दुसऱ्याच कुणाची वाटू लागली. खिशातला फोन वाजला.

"काका... सातव्या पट्टीचा दिवा लागतोय, विझतोय. कुणीतरी एकाच जागी पाय आपटतंय."

तो धावला. सातव्या पट्टीच्या दोन पावलं अलीकडे थांबला. तिथं कुणी नव्हतं.

"पट्टीवर तुम्ही उभे आहात ना?"

"नाही... मी अलीकडे आहे."

"मग काका... दिवा आत्तासुद्धा..."

फरशीवर थप् झालं. पुन्हा थप्. तिथल्या डबक्यातलं पाणी थरथरलं. तरी त्यानं ओरडून पाहिलं, "ताई...?"

कठड्याखालून आवाज आला, "तोंड फिरवून झालं असेल, तर हात दे मेल्या!"

दोन धोंड्यांत पाय अडकून ताई उतारावर पडली होती. फाटकवाल्यानं कठडा ओलांडला, धोंडा हलवला, तिला वर ओढलं आणि पाठुंगळी घेतलं. सत्तरीच्या उंबरठ्यावर! गुडघे कुरकुरले, पण तो थांबला नाही. फाटकाशी ताईला उतरवून आधी तिला बाहेर काढलं, मग स्वतः बाहेर पडला तो गड जिंकून आल्यासारखा.

बाईंचे डोळे भरले होते. "काका, ते बटण आज काढून टाकते."

"आणि वाट?"

"तुम्हीच चालायची. रोज."

"मग? यंत्र शहाणं होतं, बाई. खुळे आपणच," तो छाती काढून म्हणाला. कुलूप घातलं, बाईंनी बंधाऱ्यावर कळवलं, आणि पाणी गर्जत तळ्यात उतरलं. कोरड्या कपड्यातली ताई पुन्हा त्याच्या पाठीवर होती. आयुष्यात एवढा मोठा विजय त्यानं पाहिला नव्हता.

"काका!" मागून बाई आनंदानं ओरडल्या. "शून्य! आज पहिल्यांदा आपणहून शून्य झालं!"

तो हसला. घराकडे दहा पावलं गेला आणि त्याच्या मनात हिशेब सुरू झाला. आत दोन होते. मी तिसरा गेलो. बाहेर तर आम्ही दोघंच...

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पाठीवरच्या ताईनं मात्र मान वळवली आणि हळूच म्हणाली,

"सावकाश गं... पुढे पायरी आहे."