लवूने कोरियातून आणलेलं गाणं

लवू १९५४ साली कोरियातून देवबागला परतला, तो एक ट्रंक आणि एक गाणं घेऊन. लष्करात तो जखमींचं स्ट्रेचर उचलायचा. घरी आल्यावर पडवीत सुंभ वळताना तो तेच संथ गाणं गुणगुणत राही. शब्द सुगंधाला कळत नसत, पण नवऱ्याचा तो सूर ऐकला की तिच्या हातातलं काम मंदावे.

"ह्या कसला गाणा?" तिने एकदा विचारलं.

"थंयचा जुना. पयल्या शब्दाचो अर्थ तेंकाच ठावक नाय. कोण म्हणतत घाटाचा नाव, कोण म्हणतत बायलेचा. घोव घाट चढान जाता. बायल खाली रवता आणि म्हणता, माका टाकून गेलो, तर थोड्या वाटेर तेचे पाय दुखतले."

"म्हणजे शाप?"

"शाप नाय गो. पाय दुखले तर परत येयत, म्हणान."

त्याने सुंभ बाजूला ठेवला.

"एका म्हातारेन शिकवल्यान. घाटाखाली रवली ती. गाडयेत जागा नव्हती. परत येतंय म्हणान मी सांगलंय. मी गेलंय नाय."

पुढच्या उन्हाळ्यात त्याचे पाय फुटले. बाहेर वाळूचे चटके बसत होते आणि त्याची बोटं काळीनिळी, गारठून कडक झाली होती. सुगंधा कोकमाचं तेल चोळी, तर तिचेच तळवे बधिर होत. मालवणच्या डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हे बर्फानं होतं," ते एवढंच म्हणाले.

आठवड्याभरात, भर दुपारी, लवू गेला.

दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी अंगण झाडताना सुगंधाच्या तोंडी ते गाणं आलं. सगळे शब्द आले. तिला कुणी शिकवले नव्हते. रडत रडत तिने ते पुन्हा पुन्हा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाजवळ, वाळूत अनवाणी पावलं उमटली होती. डावा पाय ओढत चाललेली. शेवटच्या दिवसांतली लवूची ती चाल तिने ओळखली.

ती गात राहिली. पावलं रोज थोडी दाराजवळ येत.

पाचव्या दिवशी त्यांत रक्त होतं.

सुगंधा खाली बसली. वाळूतल्या त्या खळग्यावर तिने हात ठेवला. वाळू बर्फासारखी गार होती. ह्या पायांनी तो कुठून कुठून चालत येत असेल, ह्या विचाराने तिचा जीव तुटला. तिने पावलं झाडून टाकली आणि तोंड मिटलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी घरातून तेच गाणं ऐकू आलं. ती आत गेली. सासू, राधाबाई, पाठमोरी बसून नारळ खवत होती.

"आये, ता गाणा म्हणू नको. तेंचे पाय दुखतत."

राधाबाईचा हात थांबला. ती सावकाश वळली.

"माका वाटला, तूच गातंस," ती म्हणाली.

दोघींचेही ओठ मिटलेले होते. गाणं कडव्याच्या शेवटापर्यंत गेलं. मग कुणीतरी, म्हाताऱ्या बाईचा असावा तसा, थकलेला श्वास घेतला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.