हिरवा दिवा, मुकी बेल

"अरे, लवकर आत या रे! ड्रॅगन गावाच्या वेशीपर्यंत आलाय!" दादा ओरडला.

"आत कुठून येऊ? दारातच अडवतंय!" चष्मिसने हातातला टॅबलेट गदागदा हलवला, जणू झाडावरून चिंच पडावी तसं गाव खाली पडणार होतं.

खारने आपल्या टॅबलेटकडे पाहिलं. तिथेही तेच. एक गोल गरगर फिरत होतं, मग दमून थांबत होतं आणि खाली अक्षरं उमटत होती, 'सर्व्हरशी संपर्क होत नाही.'

खार म्हणजे दादाची धाकटी बहीण. खारीसारखी चपळ आणि खारीसारखीच भित्री. पान हललं तरी दचकायची. दोघांची आई वृद्धनिवासात सिस्टर होती. घरी बघायला कुणी नाही, म्हणून सुट्टीत ही दोघं रोज तिच्याबरोबर कामावर यायची. चष्मिस हा इथल्या स्वयंपाकीणबाईंचा मुलगा. धुलाईच्या खोलीमागची कोठी हा तिघांचा अड्डा. तिथे इस्त्रीच्या चादरींच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, ऑफिसने टाकून दिलेला एक जुना संगणक घरघरत असायचा. दादाने त्यावर खेळाचा सर्व्हर बसवला होता. सुट्टी लागल्यापासून त्यात त्यांनी अख्खं गाव वसवलं होतं. गावात चौथा खेळाडूही होता. शेवटच्या खोलीतले ड्रायव्हरआजोबा! जन्मभर बस चालवली, एक ओरखडा पडू दिला नाही. पण खेळात रोज घोड्यासकट विहिरीत पडायचे.

"सर्व्हरच झोपला असेल," चष्मिस म्हणाला.

दादाने कपाटात डोकं खुपसून पाहिलं. "जागा आहे! या संगणकावरूनच खेळलं तर गाव दिसतंय. बाहेरून मात्र कुणी येऊ शकत नाही."

"पत्ता बदलला असेल त्याचा."

"पत्ता कालचाच आहे."

"मग त्याचा पहारेकरी अडवत असेल. ती फायरवॉल."

दादाने फायरवॉल क्षणभर बंद केली. गोल फिरलं, दमलं, थांबलं. दादाने ती पुन्हा चालू केली आणि नखं खायला सुरुवात केली.

"नेटच गेलं असेल," खार हळूच म्हणाली.

"छे! हे बघ, व्हिडिओ कसे पळतायत. नेट ठणठणीत आहे!" चष्मिसने नाकावरून घसरलेला चष्मा वर ढकलला. "जगाच्या दुसऱ्या टोकाचं माकड दिसतंय, आणि हाताच्या अंतरावरचा संगणक दिसत नाही. कमाल आहे!"

खारने त्याच्या टॅबलेटला हाक मारून पाहिली. म्हणजे दादाने शिकवलं होतं तसा एक छोटासा संदेश धाडला, 'आहेस का?' टॅबलेट तिच्या गुडघ्याला टेकलेला होता, तरी उत्तर आलं नाही.

"दादा, फक्त सर्व्हर नाही रे. इथे कुणीच कुणाशी बोलत नाहीये."

दादाच्या डोळ्यांत चमक आली. "थांबा! मधला वायफायचा डबाच बदलून बघू. माझ्या फोनचं हॉटस्पॉट लावतो. सर्व्हर त्यावर, तुम्हीही त्यावर. वृद्धनिवासाचं वायफाय नकोच."

आणि धाडकन गाव उघडलं! वेस, विहीर, पूल, सगळं जागच्या जागी!

"सापडला चोर!" चष्मिसने उडी मारली. "सर्व्हर निर्दोष, टॅबलेट निर्दोष. चोर तो छतावरचा पांढरा डबा!"

"आणि चोराचा साथीदार मला ठाऊक आहे," दादा दात ओठ खात म्हणाला. "सकाळी नेटवाले काका शिडी घेऊन आले होते. व्यवस्थापक काका त्यांना म्हणत होते, 'पोरांच्या खेळानं नेट अडतं, ते आधी बंद करा.' मी ऐकलं ना! त्यांनी डब्याला सांगून ठेवलंय, प्रत्येकाला बाहेर जाऊ दे, पण शेजाऱ्याशी बोलू देऊ नकोस. घरात सगळ्यांना कोंडून प्रत्येकाला वेगळं मागचं दार दिल्यासारखं."

"मरू दे. आपलं हॉटस्पॉट आहे की! ड्रॅगन आला, चला!"

"आणि आजोबा?" खारने विचारलं. "त्यांच्या खोलीपर्यंत तुझा फोन पोचेल?"

"नाही पोचणार. आज त्यांना सुट्टी."

खारने टॅबलेट हातात घेतला, पण बोट उचललं नाही. आजोबा शेवटच्या खोलीत. त्यांचा फोन इथे बोलू शकत नाही. त्या खोलीतून कुणीच इथल्या कुणाशी...

तिने टॅबलेट खाली ठेवला.

"चष्मिस, त्या नव्या बेल लावल्या तेव्हा तू शिडीखाली उभा होतास ना?"

"होतो की! स्क्रू मीच देत होतो. बसवणारे काका म्हणाले, वायर नाही, काही नाही. उशाचं सुटं बटण दाबलं की वायफायवरून थेट सिस्टरांच्या टेबलावरच्या फलकाशी बोलतं. टिंग-टाँग!"

"वायफायवरून," खार म्हणाली. "बटण फलकाशी बोलतं. आज सकाळपासून टिंग-टाँग ऐकलीय कुणी?"

दोघांनी नकारार्थी माना हलवल्या. एरवी दोन नंबरच्या खोलीतल्या आजी नुसतं 'किती वाजले' विचारायला बेल वाजवायच्या. बेलने कान किटायचे सगळ्यांचे!

दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "आणि आता विश्रांतीची वेळ आहे."

जेवणानंतरची विश्रांतीची वेळ म्हणजे व्यवस्थापक काकांचा लाडका नियम. सगळी दारं बंद. बेल वाजल्याशिवाय कुणीही दार उघडायचं नाही. पूर्वी सिस्टर मध्येमध्ये डोकावायच्या, तेव्हा आजी-आजोबांची झोप मोडते अशी तक्रार व्हायची. नव्या बेल आल्यापासून डोकावणंच बंद झालं होतं.

तिघं पळत सुटले.

सिस्टरांच्या टेबलापाशी आई नव्हती. खुर्चीत व्यवस्थापक काका पोटावर हात ठेवून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले. समोर फलक काळाभोर.

"काका, आई कुठाय?"

"हळू बोला! दुसऱ्या इमारतीत जखम बांधायला गेल्यात सिस्टर. काय रे ही धावाधाव?"

"काका, बेल बिघडल्यात! फलकापर्यंत पोचतच नसणार!" दादा म्हणाला.

"बिघडल्यात?" काका हसले. "सकाळीच तपासून गेलाय माणूस. प्रत्येक बटणावर हिरवा दिवा आहे. बघ तरी, किती शांत वाटतंय आज! सगळे कसे समाधानी आहेत."

"हिरवा दिवा म्हणजे नुसतं वायफाय मिळतंय, काका! फलकाशी बोलणं होतंय असं नाही! एकच बटण दाबून बघू द्या ना, रिकाम्या खोलीतलं."

"तुमचा खेळ बंद केला म्हणून हे नाटक, होय ना?" काकांचा आवाज चढला. "पॅसेजमध्ये एक जरी पोर दिसलं, तर उद्यापासून इथे पाय ठेवायचा नाही. कळलं?"

दादाने खारकडे पाहिलं. मग तो एकदम कपाळावर हात मारून म्हणाला, "अरेच्चा, सांगायचंच राहिलं! काका, धुलाईच्या खोलीत पाणी साचलंय. घोट्याएवढं!"

"काय!" काका ताडकन उठले. "नव्या फरशीवर?"

"चला ना, दाखवतो," दादा त्यांच्या पुढे धावला. चष्मिस वळून दुसऱ्या इमारतीकडे पळाला, खारच्या आईला बोलवायला.

आणि पॅसेजच्या तोंडाशी उरली एकटी खार.

समोर लांबलचक पॅसेज. पडदे ओढलेले. दोन्ही बाजूंना बंद दारं, आणि फिनाइलचा वास. ती भिंतीला धरून निघाली. पायातल्या चपला तिने काढून हातात घेतल्या, तरी आपल्याच पावलांचा आवाज तिला ऐकू येत होता. नाही, पावलांचा नाही. तो तिच्या छातीतला होता.

रिकाम्या खोलीचं दार तिने ढकललं. उशाशी बटण होतं आणि त्यावर हिरवा दिवा, अगदी साळसूद! तिने बटण दाबलं. दिवा डोळा मिचकावल्यासारखा लुकलुकला. तिने कान टवकारले. पॅसेजच्या त्या टोकाला फलक होता. टिंग नाही, टाँग नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

म्हणजे खरंच होतं!

ती बाहेर आली आणि तेव्हाच तिला तो आवाज ऐकू आला.

टक्.

खार जागीच थिजली.

टक्... टक्.

फार बारीक. घड्याळाचा म्हणावा तर त्याला ताल नव्हता. मध्येच घाई, मध्येच थांबणं. पॅसेजच्या शेवटाकडून येत होता.

तिला एकदम कळलं, तो कसला आवाज आहे. आत्ता आपण दाबलं तेव्हा बटण असंच वाजलं होतं.

कुणीतरी बेल दाबत होतं. दाबतच होतं.

टक्... टक्... मग बराच वेळ नाही... टक्.

आणि थांबला.

"पळ," खारच्या पायांनी तिला सांगितलं. "मागे पळ. मोठं माणूस आण." शेवटच्या दारामागे काय असेल ते तिला बघायचं नव्हतं. अजिबात बघायचं नव्हतं. तिच्या हातातली एक चप्पल गळून पडली. पण तो आवाज थांबला होता! तो वाजत होता तेव्हा जितकी भीती वाटत होती, त्याच्या दसपट आता वाटायला लागली.

ती पळाली. मागे नाही, पुढे.

दार उघडलं तर ड्रायव्हरआजोबा पलंग आणि खुर्चीच्या मध्ये जमिनीवर बसकण मारून होते. मान छातीवर. अंगातला सदरा घामाने चिंब. जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. हातात वायर नसलेलं ते बटण होतं आणि अंगठा त्यावरून घसरत होता.

"आजोबा!"

त्यांनी डोळे उघडले, पण तिला ओळखलं नाही. "गाडी... पुढे... स्टॉप," असं काहीतरी जड जिभेने पुटपुटले आणि त्यांनी डोळे पुन्हा मिटले.

"आई!" खार किंचाळली. निदान किंचाळायला गेली. घशातून उंदराएवढा आवाज निघाला. "आई गं!"

दारं बंदच राहिली. विश्रांतीची वेळ होती ना!

तिने इकडेतिकडे पाहिलं. पलंगाखाली स्टीलचं शौचाचं भांडं होतं, घासूनपुसून ठेवलेलं. खारने ते दोन्ही हातांनी उचललं आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर हाणलं.

ठाण्ण!

खोलीच्या काचा थरथरल्या. पुन्हा हाणलं. ठाण्ण! ठाण्ण! ठाण्ण! पॅसेजभर तो आवाज भिंतीवर आपटत गेला. दारं उघडायला लागली. "आग लागली का?" "भूकंप झाला!" "अगं बाई, मी मघापासून बेल दाबतेय, मला कुणी विचारत नाही, आणि आता हे!" सगळ्यात वरचा आवाज दोन नंबरच्या आजींचा होता. खार हाणतच राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात भरून आले होते, पण थांबलं की ती शांतता परत येईल असं तिला वाटत होतं.

"खारे! सोड ते! आले मी!"

आई होती! मागे धापा टाकत चष्मिस. आईने एका नजरेत सगळं पाहिलं. झाकलेलं ताट पाहिलं, घाम पाहिला, आजोबांचं बोट टोचून यंत्रावर रक्ताचा थेंब घेतला. "साखर घसरलीय. सकाळी मधुमेहाचं इंजेक्शन घेतलं आणि जेवलेच नाहीत! चष्मिस, लाल पेटी! टेबलाखालची! धाव!"

लाल पेटी आली. आईने आजोबांच्या मांडीत साखर वाढवणारी सुई टोचली, त्यांना कुशीवर वळवलं आणि त्यांचा हात हातात धरून बसून राहिली. खार भिंतीला चिकटून उभी होती. श्वास चाललाय ना? ती आजोबांच्या सदऱ्याकडे बघत होती. वर, खाली. वर, खाली. कधी वर जायचं राहून तर जाणार नाही ना?

दाराशी व्यवस्थापक काका आले, मागे दादा. काका रागाने लालबुंद होते. "कुठाय पाणी? थेंब नाही तिथे! खोटारडी..." तेवढ्यात त्यांची नजर जमिनीवरच्या आजोबांवर गेली.

"आजोबा बेल दाबत होते, काका," खार म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "किती वेळ, कुणास ठाऊक. दिवा हिरवाच होता."

काकांनी आजोबांच्या हातातलं बटण घेतलं आणि दाबलं. मान वळवून पॅसेजकडे कान दिला. पुन्हा दाबलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

डॉक्टर येईपर्यंत आजोबांनी डोळे उघडले होते आणि गोड पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून ते घोट घोट घेत होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, मग खारकडे पाहिलं. "आणखी उशीर झाला असता, तर मी येऊनही उपयोग नव्हता. कुणी शिकवलं गं तुला हे?"

"कुणी नाही. आमचा खेळ लागत नव्हता, म्हणून."

डॉक्टरांना काही कळलं नाही. दादाने समजावून सांगितलं, तेव्हा ते चकित होऊन तिघांच्याही पाठी थोपटत राहिले.

नेटवाले काका घामाघूम होत आले आणि आजोबांच्या खोलीतच लॅपटॉप उघडून बसले. दादा त्यांच्या खांद्यावरून बघत होता. "हे बघा काका, ही खूण. एकमेकांपासून वेगळं ठेवा, असं आहे ना इथे?" काकांनी ती खूण काढली. "मी आपलं पाहिलं, नेट चालतंय, दिवे हिरवे आहेत," ते ओशाळून म्हणाले. "बटण दाबून मात्र पाहिलं नाही." त्यांचं वाक्य संपायच्या आत पॅसेजच्या टोकाला फलक जागा झाला. टिंग-टाँग! दोन नंबर!

"धावा!" चष्मिस म्हणाला. "किती वाजले ते सांगायचंय!"

सगळे हसले, व्यवस्थापक काका सोडून. ते मुलांसमोर आले. "तुम्ही खोटं बोललात," ते दादाला म्हणाले, "आणि बरं झालं बोललात. मी खरं ऐकलंच नसतं." मग आईकडे वळून म्हणाले, "सिस्टर, आजपासून विश्रांतीच्या वेळीही दारं उघडून बघायचं. आणि रोज सकाळी प्रत्येक बटण दाबून. ही तीन पोरं दाबतील, चालेल तुम्हाला?"

आईने मान डोलावली. तिने खारला जवळ ओढलं.

"सिस्टर," पलंगावरून आजोबांनी हाक मारली. आवाज अजून क्षीण होता. "मला वाटलं, तुम्ही सगळे कंटाळलात. म्हातारा सारखा बेल वाजवतो, म्हणून मुद्दाम कुणी येत नाहीये. मग मी जोरात दाबायचं सोडलं."

खार पलंगाशी गेली आणि तिने बटण त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"दाबा आता."

"अगं, आता काय काम? तुम्ही सगळे इथेच आहात."

"तरी दाबा."

व्यवस्थापक काका एव्हाना टेबलाकडे परतले होते. आजोबांनी बिचकत बटण दाबलं. पॅसेजच्या त्या टोकाला टिंग-टाँग झाली, खुर्ची धाडकन मागे सरकली आणि पोट सावरत, एका पायात बूट नसलेले काका धावत दारात उभे राहिले.

"काय झालं? काय हवंय?"

"काही नाही," आजोबा म्हणाले. "कुणी येतंय का, ते बघत होतो."

काका धापा टाकत पलंगाच्या कडेवर बसले. "आलो ना," ते म्हणाले, "आलो बरं का."