दार ओढण्याआधीची हाक

पनवेलहून द्रोणागिरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या शीतगृहाचं काम सुशांतच्या हातात बसलेलं होतं. गच्चीवर चढायचं, कंडेन्सरची जाळी धुवायची, गॅसचं प्रेशर बघायचं, मग खाली येऊन मालाच्या खोलीतले पंखे तपासायचे. इथे ट्रेलरची धूळ आणि खाडीची खारी हवा मिळून जाळीवर चिखलासारखा थर बसतो. पाणी जोरात मारलं तर पातळ पत्रे वाकतात, म्हणून तो हलक्या हाताने धुवत राहिला. तपकिरी पाणी निवळलं तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.

मशीन बंद होती. मेन स्विचला सुशांतचं स्वतःचं कुलूप, चावी खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, तोवर वीज सुरू करायची नाही, हा धंद्याचा नियम.

खाली खोलीत सुरमईचे खोके छतापर्यंत रचले होते आणि तापमान चढत चाललं होतं.

"माल एक्स्पोर्टचा आहे, सुशांत," शीतगृहाची मॅनेजर पद्मजा म्हणाली. "वितळला तर पार्टी सुरमई सोडून मलाच तळेल."

"झालं, मॅडम. दार लागलं की मशीन लावतो."

दार सांभाळायला बळीराम असे, जवळच्या गावचा म्हातारा. दार ओढण्याआधी तो आत हाक द्यायचा. त्या जाड दाराआडून ओरडणं बाहेर येत नाही, आणि त्या गारठ्यात माणूस फार वेळ टिकत नाही. त्यामुळे आतून 'ओ' आली तर दार ओढायचं नाही, ही इथली रीत.

"कोनी हाय का आत?"

"आहे," आतून उत्तर आलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुशांत टॉर्च घेऊन आत गेला. खोक्यांच्या प्रत्येक रांगेमागे वाकून बघितलं. कोणी नव्हतं. पद्मजाने हमाल मोजले. सगळे बाहेर झाडाखाली डबे उघडून बसले होते.

बळीरामने पुन्हा हाक दिली.

"आहे."

"काका, चेष्टा पुरे हं," पद्मजा म्हणाली.

"माजं तोंड मिटलंय, बाय. तुमीच बगा."

आवाज कुठेतरी ऐकलेला होता. कुठे, ते सुशांतला आठवेना. प्रतिध्वनी म्हणावा, तर त्यात प्रश्नच परत यायला हवा होता. दार उघडं ठेवावं तर माल जाणार. लावावं, आणि आत खरंच कोणी असलं तर?

"गच्चीवरून पाइप उतरलाय, त्यातून कुणाचा तरी आवाज येत असेल," तो म्हणाला. "मी आत उभा राहतो. काका, तुम्ही हाक मारा. कुठून येतो ते कळेल."

तो आत जाऊन मधोमध उभा राहिला. पंखे बंद, शांतता दाट. उघड्या दारातून उन्हाचा पट्टा लादीवर पडला होता.

"कोनी हाय का आत?"

तो कान देऊन थांबला. पाइपमधून काही आलं नाही. खोक्यांमागूनही नाही.

"काही नाही, काका. थांबा, येतो."

"आता कोनी नाय बोलत," बळीराम बाहेर म्हणाला.

"अहो, मी बोलतोय ना!"

उन्हाचा पट्टा अरुंद होऊ लागला.

"काका! मी आत आहे!"

दार लागलं.

आतून दार उघडायचा दांडा त्याने ढकलला. दांडा नेहमीसारखा सरकला. दार हललं नाही.

त्याने दारावर दोन्ही हात आपटले. मग थांबला, कारण एवढ्या जाड दारातून बाहेरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"काय निघालं रे?" पद्मजाने विचारलं.

"काही नाही, मॅडम. रिकामी आहे खोली. लावतो मशीन."

आता तो आवाज त्याने ओळखला. स्वतःचा व्हॉइस मेसेज ऐकताना असाच परका वाटायचा.

त्याने खिसा चाचपला. चावी होती.

डोक्यावर पंखे फिरू लागले.

बाहेर पद्मजाने चहा सांगितला. पेले वाजले.

"धरा, सायेब," बळीराम म्हणाला. मग लगेच, "आगो बाय, हात काय गार पडलाय तुमचा!"