शेवटच्या रांगेतला कौल

या बाळांनो, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचेल, पण तुमचे चेहरे मला दिसायचे नाहीत, आणि समोरचे चेहरे दिसल्याशिवाय गोष्टीला रंग चढत नाही. बसलात? मग ऐका, बारा मिनिटांच्या रस्त्याची गोष्ट.

वेंगुर्ल्याला ऋजुता नावाची अकरा वर्षांची मुलगी होती. दर रविवारी संध्याकाळी ती ‘तरती वाडी’ नावाचा खेळ खेळायची आणि तो थेट प्रक्षेपित करायची (म्हणजे ती खेळत असतानाच इतरांना आपापल्या पडद्यावर दिसायचा). समुद्रात तराफे बांधायचे, त्यांवर घरं उभारायची, होड्या सोडायच्या, असा तो खेळ. वर्गातली, गावातली चाळीसेक मुलं बघायला यायची. पण नुसतं बघत किती वेळ बसणार? म्हणून पडद्याच्या कडेला दोन बटणं होती. एक टाळीचं. ते दाबलं की खेळातल्या पाण्यावर एक दिवा तरंगायचा. दुसरं कौलाचं. होडी डावीकडे न्यायची की उजवीकडे, हे बघणाऱ्यांनी मत देऊन ठरवायचं. देवळात देवाला कौल लावतात, तसा आपण बघणाऱ्यांना लावायचा, म्हणून ऋजुतानेच हे नाव ठेवलं होतं.

सगळं छान चाललं होतं, फक्त श्रीनूचा कौल कधीच धरला जात नव्हता.

श्रीनू तिचा मावसभाऊ. आईबाबांबरोबर मंगळावरच्या वसाहतीत राहायला गेलेला. हा खेळ आधी दोघं एकाच गादीवर लोळत खेळायची. आता तिकडे प्रश्न दिसताक्षणी तो बटण दाबायचा, तरी उत्तर यायचं, ‘कौल बंद झाला आहे.’ ऋजुताने दहा सेकंदांचा कौल मिनिटाचा केला. काही उपयोग नाही. मग एका रविवारी तिने हट्टाने होडी वळणावर थांबवली आणि श्रीनूचं मत येईपर्यंत हलवायची नाही असं ठरवलं. मुलांनी पाच मिनिटं वाट पाहिली, मग एकाने पडद्यावरच लिहिलं की होडीला बुरशी येईल, दुसऱ्याने लिहिलं आई जेवायला बोलावते आहे, आणि बघता बघता पडदा ओस पडला.

त्याच आठवड्यात श्रीनूचा निरोप आला. “ताई, मी आता बघणार नाही. तू फोटोतल्यासारखी वाटतेस. मी बोलतो ते तुला ऐकूच येत नाही.”

ऋजुता तो निरोप घेऊन मृणालिनी आत्याआजीकडे गेली. आत्याआजी म्हणजे तिच्या बाबांची आत्या. आयुष्यभर तिने अवकाशयानांशी बोलणाऱ्या तबकड्यांवर काम केलं, आणि तितक्याच निष्ठेने गावोगाव कीर्तनं केली. ऋजुताने तक्रार केली की बटण बिघडलं आहे.

आत्याआजी चिपळ्या पुसत होती. तिने खिडकीतून अंगणातल्या उन्हाकडे बोट दाखवलं. हे ऊन सूर्यावरून निघून आठ मिनिटं झाली, म्हणाली. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतो, तरी त्याला एवढा वेळ लागतो. आपला संदेशही त्याच वेगाने जातो. सध्या मंगळ बारा मिनिटांवर आहे. म्हणजे तुझा प्रश्न श्रीनूकडे पोचायला बारा, त्याचं उत्तर यायला बारा. ह्याला विलंब म्हणतात (निघालेला संदेश पोचायला लागणारा वेळ).

“मग कमी कर ना तो,” ऋजुता म्हणाली.

“तो देवाने घालून दिलेला वेग आहे, बाय. तिथे माझी तबकडी काय करणार? उद्या कीर्तनाला ये, आणि मागे बस.”

दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या मैदानात माणसंच माणसं होती. ऋजुता अगदी शेवटी बसली. तिथून आत्याआजी बोटभर दिसत होती. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं, पुढच्यांचे हात आधी जुळतात, मागच्यांचे किंचित उशिरा. आवाजालाही मैदान ओलांडायला वेळ लागतोच. म्हणून आत्याआजीने नामाची चाल मुद्दाम संथ धरली होती. मागची टाळी पोचली, मगच ती पुढचा शब्द उचलायची.

पण खरी गंमत पुढे होती. पूर्वरंगात (कीर्तनाचा विचार सांगणारा पहिला भाग) आत्याआजीने एक प्रश्न टाकला, “दारात देव आणि भुकेला दोघे एकदम आले, तर आधी पाट कुणाला मांडाल?” आणि उत्तरासाठी न थांबता पुढे गेली. मध्यंतरात बुक्का लावला जात होता तेव्हा मागच्या रांगांतही कुजबुज चालली होती. एक म्हातारबुवा शेजाऱ्याशी चक्क भांडत होते, आणि त्यांचं म्हणणं रांगेरांगेने पुढे सरकत होतं. उत्तररंगात (तोच विचार गोष्टीतून दाखवणारा दुसरा भाग) आत्याआजी म्हणाली की मागून आवाज आला, दोघांना एकाच पाटावर बसवा, आणि तिथूनच तिने गोष्ट वळवली. म्हातारबुवा असे ताठ बसले, की जणू कीर्तन तेच करत होते.

ऋजुता तिथल्या तिथे उठून उभी राहिली. शेजारचे ओरडले, खाली बस गो, कीर्तन चाललंय.

घरी येताना तिने आत्याआजीला सांगितलं, “रस्ता लहान होत नाही. पण प्रश्न लांबचा करता येतो.”

“हां. आणि एक लक्षात ठेव. मागच्याचं बोलणं नुसतं ऐकायचं नाही, त्याने गोष्ट वळली पाहिजे. नाहीतर तो उगाच मान डोलावणार.”

त्या रविवारी खेळात दोन कौल होते. डावं-उजवं ठरवायला जवळचा. आणि एक लांबचा: खेळ सुरू होतानाच विचारायचा, शेवटी बंद करायचा. मधे मत बदललं तरी चालेल. प्रश्न होता, वाडीचा दीपस्तंभ कुठे बांधायचा? श्रीनूला तिने आधीच कळवलं होतं, एकदाच ये. त्यावर उत्तर आलं नव्हतं.

खेळ सुरू झाला. मुलांनी धडाधड पूर्वेचा खडक निवडला, कारण तो उंच होता. वीस मिनिटं गेली. चोवीस गेली. ऋजुताचा हात होडीवर, लक्ष कौलावर. मग पडद्यावर एक ओळ उमटली.

‘श्रीनू: पश्चिमेला बांधा. वाट चुकलेल्या सगळ्या होड्या प्रवाहाने तिकडेच वाहत जातात. इतके रविवार मी बसून बघत होतो.’

ऋजुताने ते मोठ्याने वाचलं. मग ज्याने बुरशीचा विनोद केला होता, त्याने आपला कौल बदलला. मग दुसरीने. कौल बंद झाला तेव्हा पश्चिम पुढे होती.

दीपस्तंभ पेटला. ऋजुता म्हणाली की हा उजेड श्रीनूला बारा मिनिटांनी दिसेल, त्याची टाळी आणखी बारा मिनिटांनी येईल. ज्यांना जायचंय त्यांनी जावं.

कुणी गेलं नाही. या वेळी प्रत्येकाच्या हाताला काम होतं. मुलं एकेक टाळी देत पाण्यावर दिवे सोडत राहिली, पार पश्चिमेच्या खडकापर्यंत दिव्यांची वाट करायला. आत्याआजी ऋजुताच्या मागे बसून हळू आवाजात नाम गुणगुणत होती.

आणि चोवीस मिनिटं भरताच त्या वाटेच्या अगदी टोकाला, खडकाला लागून, एक शेवटचा दिवा आपोआप तरंगला.

उद्या माणसं गुरूच्या चंद्रांवर राहायला जातील. तिथून उत्तर यायला तासाहून जास्त लागेल. लागू दे. आपण प्रश्नही तेवढा लांबचा विचारू, आणि तोवर दिवे सोडत राहू.

आता माझं एवढं मागणं आहे, लेकरांनो. तुमच्याभोवती मुलं जमतील, तुम्ही काही विचाराल आणि पुढची चार जणं पटकन उत्तर देतील, तेव्हा लगेच पुढे जाऊ नका. श्रीनूची आठवण काढा. त्याने बटण दाबलेलं असतं. ते अजून वाटेत असतं, इतकंच.