दोन खांबांमधला पडदा

“ओढा, ओढा! अजून!” बडबड्या शिडीवरून ओरडला.

“पुरे रे, फाटेल!” खालून छोटी म्हणाली.

पण पडदा दुसऱ्या खांबापर्यंत पोहोचेचना. चांगला दोन मीटर कमी पडला!

नाट्यगृहाच्या दालनात दोन खांबांमध्ये तिरका टांगायचा तो पडदा मामाने अख्खी सुट्टी रंगवला होता. त्याचे डोळे अधू होत चालले होते. हा त्याचा शेवटचा पडदा. आणि पडद्याचं माप काढून दिलं होतं त्याच्या भाचीने, बडबड्या आणि छोटीच्या ताईने.

“पोरीच्या गणितावर कुणी एवढं कापड रंगवतं?” नाट्यगृहाचे मॅनेजर घाम पुसत म्हणाले.

“तिची नाही, माझ्याच नजरेची चूक,” मामा म्हणाला आणि ब्रश फडक्यात गुंडाळू लागला.

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“रडतेस काय? पुन्हा मोज!” बडबड्या शिडीवरून उतरला.

जमिनीवर मीटर-मीटरच्या चौकोनी फरशा होत्या. ताईने कोपरा शून्य धरला. पहिला खांब उजवीकडे दोन, पुढे एक. दुसरा उजवीकडे दहा, पुढे सात.

“उजवीकडचा फरक आठ, पुढचा सहा. आठचा वर्ग चौसष्ट, सहाचा छत्तीस. बेरीज शंभर, वर्गमूळ दहा! मी दहाच सांगितले होते!”

“मग हा आठच कसा?” बडबड्याने विचारलं.

छोटी पडद्याच्या टोकाशी वाकली. “अगं, मामाने पाच बगळे काढले होते ना? इथे तीनच आहेत! आणि ही कड कापलेली आहे!”

तिघं मागच्या खोलीत धावली. उरलेले दोन बगळे तिथे चुन्याच्या डब्यांखाली अंथरलेले होते!

मॅनेजरांची मान खाली गेली. “मी भिंतीकडेने फरशा मोजल्या. आठच भरल्या. वाटलं, कापड उगाच जास्तीचं आहे... आणि मग बोलायचं धाडस झालं नाही.”

“दुसरा खांब सहा फरशा पुढे आहे, काका! त्या कोण मोजणार?” बडबड्या उसळला.

संध्याकाळपर्यंत तुकडा शिवून जोडला. पडदा बरोब्बर बसला! मॅनेजरांनी सगळ्यांसमोर ताईची माफी मागितली, टाळ्या वाजल्या. पण चुन्याने खाल्लेला एक बगळा पुसट झाला तो झालाच. पुन्हा रंगवण्याइतकं मामाला आता दिसत नव्हतं.

“शिवण दिसते का गं?” त्याने विचारलं.

“नाही, मामा,” ताई हळूच म्हणाली.

मामाने पडद्यावरून हात फिरवला. शिवणीपाशी त्याची बोटं जराशी थांबली.

“शाब्बास, पोरी,” तो म्हणाला. “माप अगदी बरोबर होतं तुझं.”