दारातली सागवानी पट्टी

राजधानीच्या द्वारका उपनगरातल्या त्या कोऱ्या फ्लॅटला सगळं होतं, फक्त उंबरठा नव्हता. जिन्यासमोरची फरशी सरळ बैठकीत शिरत होती. मीनाक्षीला ते पहिल्या दिवसापासून खुपायचं.

"अहो, एवढी एक पट्टी बसवा ना!"

"या रविवारी नक्की," हेरंब म्हणायचा. नव्या कंपनीने पेजर दिला होता, आणि तो वाजला की रविवारही कंपनीचाच व्हायचा. हौसेने आणलेलं ड्रिल मशीन माळ्यावर धूळ खात पडलं. त्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि मीनाक्षी गेली.

त्यानंतर दिवेलागणीला न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत ओली पावलं उमटू लागली. मीनाक्षी बाहेरून आली की आधी पाय धुवायची. हेरंब पडला इंजिनिअर. त्याने प्लंबर बोलावून गळका नळ बदलून घेतला. दहा वर्षांची रसिका मात्र पावलं बघून "आई आली" म्हणायची आणि निवांत अभ्यासाला बसायची. तिचं रडणं थांबलं होतं, ती पोटभर जेवू लागली होती. म्हणून त्याने तिला कधी टोकलं नाही.

दिवाळी जवळ आली तसा त्याला पट्टीचा विषय छळू लागला. बायकोने मागून मागून काय मागितलं होतं, तर हातभर लाकूड! कीर्तीनगरच्या लाकूडबाजारातून त्याने सागवान आणलं. पहिली पट्टी बोटभर आखूड कापली, ती वाया गेली. दुसरी नीट बसली. भोकं पाडताना ड्रिल फरशीभर नाचलं, स्क्रू तिरके गेले, पण पट्टी हलेना. पॉलिश पेपरने घासून त्याने तिला अळशीचं तेल पाजलं आणि मीनाक्षीने केलं असतं तसं हळदकुंकू वाहिलं.

"बाबा, ही लकडी कशाला?" उंबरठा हा शब्दच रसिकाला ठाऊक नव्हता.

"बाहेरचं बाहेर राहावं म्हणून, बेटा."

त्या संध्याकाळी फरशी कोरडी राहिली. रसिका ताटावरून उठली आणि दाराकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या कौशल्याजींनी त्याला जिन्यात गाठलं. "भाईसाहब, मेहमान को बाहर क्यों खड़ा रखते हो? बेचारी कल से खड़ी है."

"कौन?"

त्यांनी त्याच्या दाराकडे पाहिलं, गोंधळल्या आणि आपलं दार लावून घेतलं.

हेरंबने खाली पाहिलं. पट्टीबाहेर धुळीत अनवाणी पावलं होती. एकावर एक, सगळी दाराकडे तोंड केलेली.

त्याला भडभडून आलं. घरचं माणूस बाहेर असताना आपण दार अडवलं, तेही तिच्याच हौसेपायी. पट्टी तिच्या हयातीतच बसवली असती तर मीनाक्षी आतल्या बाजूला राहिली असती.

त्याने स्क्रू काढले. एक निघेना, तेव्हा पहारीने पट्टीच उचकटली. फरशीचा टवका उडाला.

"ये," तो म्हणाला. "चुकलो मी. ये आत."

फरशी कोरडीच राहिली.

रसिका चप्पल घालून दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, आई मला म्हणते, आता आत नको. तूच चल."

त्याने झटकन तिचा हात धरला. तिचा दुसरा हात बाहेर होता, हवेत, थोडा वर उचललेला.

हेरंबने तिला हलकेच आत ओढलं.

पलीकडूनही तितकंच हलकं ओढलं गेलं.