बाबांच्या शेजारची जागा

ज्यांच्या घरात हे घडलं, त्यांची ओळख देऊनच सांगते. नमिता माझी मैत्रीण. अंधेरीजवळच्या वेसाव्यात, कोळीवाड्यात राहते.

गोष्ट नारळी पौर्णिमेच्या आदल्या दुपारची.

दोन वर्षांपूर्वी तिचे वडील हरेश्वर आणि भाऊ प्रज्योत एकाच बोटीतून मासेमारीला गेले आणि बोट बुडाली. वडिलांचा देह किनाऱ्याला लागला.

प्रज्योत सापडलाच नाही.

नमिता घराण्याचं वेबपेज बनवत होती. जावास्क्रिप्टचा साधा कोड... फोटोवर 'हयात' लिहिलं असेल तर तो एका चौकटीत जाणार, 'दिवंगत' असेल तर दुसऱ्या.

आई, अंजनाबाई, आधीच बजावून गेली होती.
"प्रज्योतला जित्यांत ठेव, बाय. येईल तो."

नमिताने 'हयात' लिहिलं. पेज उघडलं.

प्रज्योत दुसऱ्या चौकटीत होता...

बाबांच्या शेजारी.

चुकलं असेल काहीतरी. तिने प्रत्येक ओळ तपासली. सगळं बरोबर. पुन्हा उघडलं.

पुन्हा तिथेच.

शेवटी तिने त्याचा फोटोच काढून टाकला.

बाबांशेजारी जागा तशीच राहिली... रिकामी. बरोबर एका फोटोएवढी.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, सणासाठी बाहेर सकाळपासून वाजणारा बँजो थांबलाय. पोरांचा गलका नाही. कावळासुद्धा नाही.

फक्त थेंब पडत होते...

टप्...

टप्...

अगदी खुर्चीमागे.

डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास आला. प्रज्योत घरी आला की यायचा, तसाच.

"दादा?"

ती वळली. फरशी कोरडी. दारात आई उभी होती, नजर स्क्रीनवरच्या त्या रिकाम्या जागेवर.

"आई, मी नाही गं केलं हे..."

"ठाऊक आहे." आईचा आवाज फाटला. "राहू दे त्याला तिथे. एकटा नाय ना तो."

आणि दोन वर्षांत पहिल्यांदा अंजनाबाई पोरासाठी रडली. भिंतीला धरून, खाली बसून.

बाहेर बँजो पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी आईने समुद्राला दोन नारळ वाहिले. घरात प्रज्योतच्या फोटोला हार चढला.

नमिताचा कोड मी स्वतः पाहिलाय. आमच्या ऑफिसातल्या विकी नावाच्या प्रोग्रामरनेही पाहिला. चूक सापडली नाही.

पण नमिता अजून अधूनमधून फोन करते. आवाज दबका असतो, आई ऐकेल म्हणून.

"यार, खरंच कोडच चुकला असेल तर?" ती विचारते. "दादा कुठेतरी जिवंत असेल... आणि आम्ही वाट बघणं सोडलं असेल तर?"